बोल्ट धरतो तो ताणाने

सायकल दुरुस्तीच्या अनेक दुकानांत एक समज पक्का रुजलेला आहे: आट्यांना ग्रीस लावलं की बोल्ट सैल होतो. ग्रीस छऱ्यांना, तेल चेनला, बोल्ट मात्र कोरडाच बरा. ऐकायला हे पटतं, कारण निसरडं ते सुटतं आणि खडबडीत ते धरून राहतं हा रोजचा अनुभव आहे. सायकलच्या बोल्टाबाबत मात्र हा अनुभव दगा देतो. कोरडा, गंजका बोल्ट हाताला घट्ट लागतो; प्रत्यक्षात तो पुरेसा आवळलेलाच नसतो. ग्रीस लावलेला बोल्ट तेवढ्याच जोरात अधिक पक्का बसतो, गंजत नाही आणि दोन वर्षांनी काढायची वेळ आली तर मुकाट्याने निघतो.

बोल्ट आवळला की दोन भाग एकमेकांवर दाबले जातात, एवढं डोळ्यांना दिसतं. त्याच वेळी बोल्ट लांबीत ताणला जातो, हे दिसत नाही. ताणलेलं पोलाद आपल्या मूळ लांबीवर परत यायला बघतं आणि त्या ओढीनेच दोन्ही भाग एकत्र दाबून धरले जातात. आधुनिक सायकलचं हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमला ५ मिलिमीटर जाडीचे बोल्ट असतात. असा बोल्ट नीट आवळला तर तो मिलिमीटरच्या तीन-चार शतांशाइतका ताणतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण निम्म्या जाडीएवढा. एवढ्याशा ताणातून सुमारे ५०० किलो वजनाइतका दाब तयार होतो. स्टेमला असे चार बोल्ट असले की झाला दोन टनांचा दाब. खड्ड्यात चाक आपटल्यावरही हँडल जागचं हलत नाही ते या दाबामुळे. आट्यांच्या खरखरीतपणाचा त्यात काही वाटा नाही.

मग पाना फिरवताना लागणारा जोर जातो कुठे? त्यातला साधारण निम्मा जोर बोल्टाच्या डोक्याखालचं घर्षण खातं. आणखी चाळीसेक टक्के आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणण्याच्या खऱ्या कामाला उरतो फक्त दहाएक टक्के. सगळी गंमत या दहा टक्क्यांत आहे. घर्षण थोडंसं वाढलं तरी तो उरलेला वाटा झपाट्याने आक्रसतो आणि हाताला त्याचा पत्ताही लागत नाही.

यासाठी अभियंते एक सोपं गणित वापरतात. आवळण्याचा जोर, बोल्टाची जाडी आणि घर्षणाचा एक आकडा यांवरून ताण काढता येतो. कोरड्या, स्वच्छ पोलादासाठी तो आकडा साधारण ०.२ धरतात आणि वंगण लावलेल्यासाठी ०.१५ च्या आसपास. जोर मोजायचा न्यूटन-मीटरमध्ये. दहा सेंटिमीटर लांबीच्या ॲलन-कीच्या टोकाला पाच किलोचं वजन टांगलं तर होतात सुमारे ५ न्यूटन-मीटर. ५ मिलिमीटरच्या बोल्टाला एवढा जोर दिला की कोरड्या आट्यांवर सुमारे ५०० किलोचा दाब मिळतो आणि वंगण लावलेल्या आट्यांवर साधारण ६७० किलोचा. गंज आणि धूळ यांनी घर्षणाचा आकडा ०.३ वर नेला तर हाती येतात जेमतेम ३३० किलो. तिन्ही वेळा हाताला मात्र बोल्ट सारखाच घट्ट लागतो. ग्रीसचं पहिलं काम हेच की चार बोल्टांतलं हे अंतर मिटावं आणि दाब सगळीकडे सारखा पडावा.

याच हिशेबाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. वंगण लावल्यावर जुन्या सवयीने, दात ओठ खाऊन आवळलं तर बोल्ट सोसणार नाही. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १२.९ असे आकडे कोरलेले असतात. ८.८ मधला पहिला आकडा सांगतो की हे पोलाद ८०० मेगापास्कलला तुटेल आणि दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर ते कायमचं लांबेल. ५ मिलिमीटरचा ८.८ दर्जाचा बोल्ट सुमारे ८२० किलोपर्यंत बिनधोक ताणता येतो. ग्रीस लावून ८ न्यूटन-मीटर दिले तर दाब हजार किलोंच्या पुढे जातो. मग बोल्ट लांबतो तो पुन्हा आखडत नाही, किंवा ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. म्हणून स्टेमवर किंवा पुस्तिकेत छापलेला आकडा ही वरची मर्यादा समजून चालणं बरं, आणि आट्यांना काय लावायचं याबद्दल उत्पादकाने काही सांगितलं असेल तर तेच प्रमाण मानावं.

मुंबईत आणि कोकणात बोल्ट गंजतात म्हणून अनेक जण चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट आणून बसवतात. गंजाचा प्रश्न त्याने सुटतो, पण बाजारात मिळणारा नेहमीचा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलला तुटतो, १२.९ दर्जाचा काळा बोल्ट तुटायला १२०० लागतात. बाटलीच्या स्टँडला, मडगार्डला, कॅरिअरला स्टेनलेस उत्तम. हँडल आणि ब्रेक यांच्या बोल्टांना हाच बदल परस्पर करणं धोक्याचं आहे.

बोल्ट आपोआप सैल का होतात, याचं नीट उत्तर मिळायला १९६९ साल उजाडावं लागलं. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी दाखवून दिलं की बोल्ट सगळ्यात लवकर सुटतो तो आडव्या हादऱ्यांनी. जोडलेले दोन भाग एकमेकांवरून आडवे किंचित सरकले की आट्यांतलं घर्षण क्षणभर नाहीसं झाल्यासारखं होतं, आणि आट्यांच्या उतारावरून बोल्ट दर हादऱ्याला थोडा थोडा मागे फिरतो. भाग सरकलेच नाहीत तर बोल्ट सुटत नाही, आणि ते सरकू नयेत यासाठी लागतो पुरेसा दाब. युंकर यांच्या चाचण्यांत स्प्रिंग वायसरने काही साधलं नाही. आवळल्यावर तो सपाट होतो आणि साध्या वायसरासारखाच पडून राहतो. तरीही मडगार्डचा खडखड आवाज आला की आपल्याकडे अजून पहिला उपाय म्हणून स्प्रिंग वायसरच सुचवला जातो. नायलॉनची कडी असलेली चाकी (नट) त्याहून कितीतरी भरवशाची.

थोडक्यात, ग्रीस लावलेला बोल्ट सैल झाला तर दोष ग्रीसचा नसतो. बोल्टच मुळात कमी आवळलेला असतो.

ग्रीस का लावावं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पेडल. पेडलची दांडी पोलादाची, आटे ९/१६ इंच जाडीचे आणि इंचाला २० फेऱ्यांचे. पेडल जिच्यात बसतं ती क्रँक हल्ली बहुतेक ॲल्युमिनियमची. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे आणि डाव्या पेडलचे उलटे असतात. डाव्या उलट्या आट्यांचं श्रेय अनेकदा अमेरिकेतल्या डेटन गावच्या राइट बंधूंना दिलं जातं. विमान उडवण्याआधी ते सायकली विकत आणि बनवत. उलट्या आट्यांमागचं कारण पाहायचं तर बोटांच्या सैल कड्यात पेन्सिल धरावी आणि तिचं टोक गोल फिरवावं. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेला वळताना दिसते. क्रँक फिरताना पायाचा भार पेडलच्या दांडीभोवती असाच फिरतो आणि दांडी आपल्या भोकात उलट दिशेला किंचित किंचित गरगरते. ही गरगर पेडल घट्ट करेल अशा बेताने दोन्ही बाजूंचे आटे ठरवलेले आहेत. क्रँकचा आस जिथे फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या चेनच्या बाजूच्या कपातही हाच विचार आहे, फक्त तिथे हिशेब उलटा असल्याने ब्रिटिश पद्धतीच्या सायकलीत उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. इटालियन पद्धतीत दोन्ही कप सरळ आट्यांचे, आणि उजवा कप सुटत राहण्याची तक्रार तिथे जुनी आहे.

पेडल काढता-बसवताना गोंधळ होऊ नये यासाठी एक खूण पुरते. पाना वर उभा धरून पुढच्या चाकाच्या दिशेने ओढला की दोन्ही पेडलं घट्ट होतात आणि मागच्या चाकाच्या दिशेने ओढला की सुटतात. बसवण्याआधी आटे कापडाने पुसावेत, ग्रीसचा पातळ थर द्यावा आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच द्यावेत. हाताने आत जात नसेल तर आटे तिरके लागले आहेत. तिथे पाना लावला की क्रँक गेलीच म्हणून समजावी. शेवटी सुमारे ३५ ते ४० न्यूटन-मीटर, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला अठरा-वीस किलोंचा जोर. कोरडं बसवलेलं पोलादी पेडल दोन पावसाळ्यांत ॲल्युमिनियमला असं धरतं की ते काढताना क्रँकचे आटेच सोलून बाहेर येतात. मग नवी क्रँक घ्या, नाही तर आत नवं आट्यांचं कडं बसवून घ्या. हा सगळा खर्च चिमूटभर ग्रीसने वाचतो.

दोन वेगळे धातू, त्यांत पावसाचं पाणी आणि समुद्राची खारी हवा एकत्र आली की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. रत्नागिरी किंवा वसईसारख्या किनाऱ्यावर हे घडायला फार दिवस लागत नाहीत. पोलादी फ्रेममध्ये अडकलेला ॲल्युमिनियमचा सीटचा दांडा ही त्याची नेहमीची शिकार. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि दांडा नळीत जाम होतो. इथे अनेक जण स्टोव्ह किंवा टॉर्चने शेक देतात. अडकलेल्या पेडलला हा शेक उपयोगी पडतो, कारण बाहेरची ॲल्युमिनियमची क्रँक आतल्या पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सीटच्या दांड्याबाबत मात्र ॲल्युमिनियम आत आणि पोलाद बाहेर. शेकला की दांडा आणखी फुगून बसतो. तिथे बर्फाचा गारवा कामाला येतो. दांड्याला ग्रीस लावून ठेवणं आणि वर्षातून एकदा तो बाहेर काढून पुसणं यासारखा दुसरा उपाय नाही.

गिअर नसलेल्या साध्या सायकलच्या मागच्या चाकावरचं फ्रीव्हील तर पेडल मारताना स्वतःच आवळलं जातं. चढावर उभं राहून पाय मारणारा सायकलस्वार ते किती आवळत असेल याची कल्पना करावी. कोरड्या आट्यांवर बसवलेलं फ्रीव्हील पुढे काढायचं म्हटलं की लांब पाइप आणि दोन माणसं लागतात.

कुठलं वंगण घ्यायचं यावर फार खल करायची गरज नाही. बेअरिंगचं साधं ग्रीस बहुतेक जागी चालतं. टायटेनियमचे बोल्ट असतील तर तांब्याची पूड मिसळलेला अँटी-सीझ लेप हवा, कारण टायटेनियमचे आटे घासून एकमेकांत जाम होतात. डब्ल्यूडी-४० गंजलेला बोल्ट सोडवायला कामी येतो. १९५३ साली ते पाणी दूर सारणारा द्रव म्हणूनच तयार झालं होतं. ते उडून जातं, म्हणून बसवतानाचं वंगण म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये. घरात हाताशी असतं म्हणून लोक खोबरेल तेलही लावतात. ते साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत आट्यांत मेणासारखं बसून राहतं.

ग्रीस किती लावावं यापेक्षा कुठे लावावं हे महत्त्वाचं. आट्यांना तर लावायचंच, पण अर्धा जोर डोक्याखाली खर्च होतो, म्हणून बोल्टाच्या डोक्याच्या खालच्या बाजूलाही बोट फिरवावं. ही गोष्ट जाणकारही विसरतात. आवळताना कुईकुई आवाज करत धक्क्याधक्क्याने फिरणारा बोल्ट बहुधा तिथेच कोरडा असतो.

काही जागा ग्रीसला वर्ज्य आहेत. डिस्क ब्रेकच्या चकतीच्या बोल्टांवर कारखान्यातूनच निळा थर दिलेला असतो. तो आटे चिकटवणारा द्रव, आपल्याकडे सरसकट लॉकटाइट म्हटला जाणारा. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली तो तयार केला. हवा असेपर्यंत हा द्रव ओलाच राहतो. आट्यांच्या फटीत, धातूला लागून, हवा तुटली की तो कडक होतो. कडक होण्याआधी तो वंगणाचंही काम करतो, म्हणून जिथे तो लावलेला आहे तिथे वर ग्रीस लावायचं नाही. निळा प्रकार साध्या पान्याने निघतो. लाल प्रकाराला चांगली आच द्यावी लागते, तेव्हा सायकलवर त्याला हात न लावलेलाच बरा. डिस्क ब्रेकच्या आसपास तर ग्रीसचं बोटही नको. चकतीला लागलं की ब्रेकची पकड जाते.

दुसरी वर्ज्य जागा कार्बन फायबरची. कार्बनचा सीटचा दांडा किंवा हँडल जिथे आवळलं जातं तिथे उलट घर्षण वाढवणारा, बारीक कणांचा खास लेप लावतात, म्हणजे कमी जोरात ते सरकायचं थांबतं. कार्बन दाबाने चिरडतो आणि चीर आत पडली तर बाहेरून दिसतही नाही. इथे अंदाजाने आवळणं म्हणजे भर उतारावर हँडल हातात येण्याला आमंत्रण. ५ न्यूटन-मीटरवर अडणारा छोटा टॉर्क पाना अशा सायकलच्या मालकाने घ्यायलाच हवा. सीटचा दांडा, स्टेम, ब्रेकच्या दांड्या या सगळ्यांचं त्याच्यावर बऱ्यापैकी भागतं.

हाताचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो तो लहान बोल्टांवर. बाटलीच्या स्टँडच्या बोल्टाला २ ते ३ न्यूटन-मीटर पुरतात, फ्रीव्हीलऐवजी कॅसेट असलेल्या चाकाच्या लॉकरिंगला ४० लागतात. एकाच माणसाचा हात पहिला बोल्ट हमखास जास्त आवळतो आणि दुसरा कमी. ॲलन-की आखूड धरली की जोर आपोआप कमी पडतो. छोटे बोल्ट आवळताना अनुभवी मिस्त्री पाना टोकाला न धरता मध्येच चिमटीत का धरतात, त्याचं हे कारण.

क्रमालाही महत्त्व आहे. स्टेमचे चार बोल्ट एकेक करून पूर्ण आवळले तर पहिल्याने घेतलेला भार चौथा आवळताना निघून जातो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळत न्यावेत आणि वरची-खालची फट सारखी ठेवावी. स्टेमच्या डोक्यावरचा झाकणाचा बोल्ट हा तर गैरसमजांचं माहेरघर. तो स्टेमला धरत नाही. पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या बेअरिंगमधला खेळ काढण्यापुरता तो असतो. हँडल डुगडुगतं म्हणून नुसता तोच आवळत बसलं तर काही उपयोग नाही. आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करायचे, मग झाकणाचा बोल्ट खेळ जाईल इतकाच आवळायचा आणि शेवटी बाजूचे बोल्ट पक्के करायचे.

चाकाच्या आसाला पूर्वी पंखाच्या चाक्या असत, हाताने फिरवायच्या. पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपर सायकल आहे. त्या जातीच्या सायकलची फ्रेम अशाच दोन पंखांच्या चाक्यांवर घडी होते. १९२७ साली इटलीत क्रोचे द'आउने घाटात, शर्यतीत थंडीने बोटं बधिर झाल्यामुळे तुलिओ कांपान्योलो यांना चाकाच्या चाक्या सोडवता आल्या नाहीत, आणि त्यातून झटक्यात उघडणाऱ्या क्विक रिलीज खटकीची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. आज ती खटकी कोट्यवधी चाकांवर आहे आणि तिलाही हाच नियम लागू आहे: आतली लांब सळई ताणली गेली तरच चाक धरलं जातं. खटकी नुसती फिरवून घट्ट करायची नसते. ती निम्मी मिटल्यावर विरोध जाणवू लागला आणि पूर्ण मिटताना तळहातावर तिचा वळ उठला, म्हणजे ताण योग्य. खटकीच्या खाचेत तेलाचा एक थेंब आणि सळईच्या आट्यांना ग्रीस दिलं की हा अंदाज नेहमी खरा उतरतो.

आपल्या काळ्या, जुन्या सायकलीत दोन जागा मात्र अशा आहेत, जिथे धरून ठेवण्याचं खरं काम पाचर करते. पहिली हँडलची. वरचा लांब बोल्ट चिमट्याच्या नळीत खालची पाचर ओढून धरतो. हँडल काढताना बोल्ट तीन-चार फेरे सैल करायचा आणि त्याच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोकायचं, म्हणजे पाचर सुटते. नळीत उतरणाऱ्या दांड्याला ग्रीस नसेल तर नुसतं ठोकून भागत नाही.

दुसरी जागा कॉटरची. क्रँकमध्ये तिरक्या कापाची खुंटी जाते आणि तिच्या टोकाला चाकी असते. चाकी आवळून कॉटर आत ओढायचा प्रयत्न केला की कॉटरचे बारीक आटे सोलले जातात. दुकानोदुकानी आटे गेलेले कॉटर दिसतात ते याच कारणाने. कॉटर आत बसवायचा ठोकून, आणि ठोकताना क्रँकखाली जाड पाइपचा किंवा दगडाचा आधार हवा, नाहीतर हातोडीचा मार छऱ्यांवर जातो. दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे, म्हणजे पेडलं सरळ रेषेत राहतात. चाकी फक्त बसलेला कॉटर परत सरकू नये म्हणून असते. नवा कॉटर पहिल्या काही दिवसांत वापराने आपली जागा करून घेतो आणि सैल पडतो. तेव्हा तो पुन्हा ठोकावा, आट्यांना ग्रीस लावून चाकी पुन्हा आवळावी. दर फेरीला पायाखाली होणारी टकटक बहुतेक वेळा त्यानेच थांबते आणि क्रँकचं भोक वाकडं होण्यापासून वाचतं.